पात्राच्या जागी खेळाडू

भंगारवाल्याकडे मी गेले ती साध्या कामासाठी. आम्ही बहीणभाऊ खेळ बनवतो. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, असले खेळ. नव्या खेळात अवकाशयानंही होती आणि मंत्रतंत्रही, आणि त्यात एक शापित वस्तू हवी होती. हातात घेतली की माणूस जिंकत जातो आणि आतून नासत जातो, अशी. भंगारात मला छताच्या पंख्याची वाटी सापडली, आकडा झाकायला असते ना, ती. तिला काळा रंग दिला, कडेला तांब्याची तार गुंडाळली.

"तायडे, हिला बघून कुणी घाबरलं तर मी मिशी काढीन," भाऊ म्हणाला.

"तुला मिशी आहे कुठे?"

त्याचं हे असंच. दिवसभर बेसूर शीळ घालायची आणि माझी खेचायची. आई गेल्यापासून तो माझ्याकडेच राहतो. खोटं कशाला बोलू, तो दोन दिवस गावाला गेला तरी मला करमत नाही.

नियम लिहायचं काम त्याचं. त्या वस्तूला त्याने नाव दिलं 'पात्र'. झाली ना पंचाईत. वाटीही पात्र आणि गोष्टीतला माणूसही पात्र. 'पात्राने पात्र हातात घेतल्यास पात्राची एक ओळख पात्रात जमा होईल' हे वाक्य वाचून आमची चित्रकार मैत्रीण खुर्चीवरून पडायची बाकी होती. भावाने मग माणसाच्या जागी सगळीकडे 'खेळाडू' घातलं आणि हात झटकले. वाक्य एकदम स्वच्छ झालं.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं खेळून बघायला बसलो. गोष्ट मी चालवत होते, खेळाडू ते दोघंच. पडदे ओढलेले, टेबलावर एक दिवा, खोलीत ओल्या रंगाचा वास. वाटी हातात घेऊन हवं ते मागायचं आणि फासा टाकायचा, असा नियम होता. भावाने वाटी उचलली, "सहा" म्हणाला आणि फासा टाकला. सहा पडले. पुन्हा टाकला, पुन्हा सहा.

"फाशात काही भरलंयस का रे?" मी विचारलं. याचा काय नेम.

"नाही."

नुसतं नाही. एरवी यावर त्याने माझं डोकं खाल्लं असतं. मग लक्षात आलं, खोली फार शांत आहे. शीळ थांबली होती.

"आज गाणंबजावणं बंद?"

"मला शीळ कुठे येते?" तो म्हणाला, अगदी सरळ चेहऱ्याने.

मला वाटलं, रंगात आलाय. दर डावाला एक ओळख जाते हा नियम त्यानेच लिहिला होता, आणि सोंगं काढायची हौस याला लहानपणापासून. तरी मी त्याच्यावरची नजर हटवली नाही. पुढचा फासा पडला. हात दिव्याखाली आला आणि मी बघतच राहिले. लहानपणी इस्त्री पडून त्याच्या मनगटावर त्रिकोणी डाग राहिला होता. तो नव्हता. मी दुसरं मनगट ओढून बघितलं. तिथेही नव्हता.

"रंग लावला असेल..." मैत्रीण पुटपुटली.

मी अंगठ्याने खसाखसा घासलं. नुसती कातडी. आणि वाटीतून वास येत होता, कापड करपल्याचा.

"पुरे झालं. ठेव ती वाटी."

त्याने आणखी एकदा फासा टाकला, मग मान वर केली. पाहुणा बघतो तसं त्याने माझ्याकडे बघितलं. "ठेवतो. पण तुम्ही... रागावू नका."

तुम्ही. उभ्या जन्मात त्याने मला तुम्ही म्हटलं नव्हतं. सोंग असतं तर एवढ्यात तो हसला असता.

मी नियमांचा कागद ओढला. 'खेळाडूची एक ओळख पात्रात जमा होईल.' खेळाडूची. गोष्टीतल्या माणसाची असायला हवी होती. शब्द बदलताना या शहाण्याने शाप गोष्टीतून काढून खुर्चीवर बसलेल्याच्या माथी मारला होता.

"तू ऊठ," मी मैत्रिणीला म्हटलं. "तुझ्या जागी मी खेळते."

वाटी भावाच्या हातातून सोडवून घेतली. ती कोमट होती. "याचं गेलेलं सगळं याला परत..." एवढंच म्हणाले आणि फासा टाकला. सहा.

भावाने डोळे चोळले. "तायडे, अशी टकामका काय बघतेस?"

मनगटावर डाग होता. मी त्याला आधी एक चापट मारली आणि मग धरून रडले.

मैत्रीण दाराशी जाऊन उभी राहिली होती. "आणि तुझं... तुझं काय गेलं?"

मी आठवून बघितलं. आईचं नाव, माझी शाळा, घरचा पत्ता, आमटीला मीठ किती लागतं, सगळं जागच्या जागी. माझं काहीसुद्धा गेलं नव्हतं.

संध्याकाळी सहा-सात वर्षांची एक मुलगी घरात शिरली. चपला भिरकावल्या, फ्रीज उघडला आणि मला म्हणाली, "आई, भूक लागलीय."

"कुणाची गं तू?"

भाऊ पांढराफटक पडला. "तायडे... अशी मस्करी नको करूस."

मस्करी म्हणे मी करत होते. तेव्हापासून दोघांचं संगनमत चाललंय. मला फोटो दाखवतात; फोटो काय, हल्ली कुणीही बनवतं. पोरगी दाराआड बसून रडते, तेही तिला छान जमतं. नियमांचा कागद मी जाळून टाकला, तरी ती जात नाही. भाऊ रोज पाया पडतो, म्हणतो, वाटी दे, एकदाच हातात घेतो, तुझं गेलेलं परत मागतो. मी ती लपवली आहे, आणि कुठे ते तुम्हालाही सांगणार नाही. डोळ्यांदेखत तो माझ्या हातून निसटत होता, ते मी विसरलेले नाही. कुण्या परक्या पोरीपायी सख्ख्या भावाला पुन्हा पणाला लावू?

एकच गोष्ट मला उलगडत नाही. ती पोरगी माझ्याच अंथरुणात येऊन झोपते, हाकलली तरी. पहाटे मला जाग येते तेव्हा माझा हात तिच्या पाठीवर असतो आणि तिला थोपटत असतो. मी तो ओढून घेते. तो पुन्हा जातो.