घर निघालं केरबाच्या परड्यात

संघप्रिया शाळेतून परतली, तेव्हा तिच्या घराखालून दोन पाय बाहेर आलेले होते.

पाय पुरुषाचे, धुळीनं माखलेल्या बुटांतले. ती कोडोलीच्या शाळेत मराठी शिकवायची, त्यामुळे घाबरण्याआधी दरडावायची सवय.

"कोण हाय रे तिथं? बाहेर ये आधी!"

पाय हलले. मागोमाग चुन्यानं पांढरं झालेलं डोकं बाहेर आलं, आणि एक निवांत हसू.

"जयभीम. मी नागसेन, कबनूरचा. तुमचं घर उचलायला आलोय."

"चोर सामान उचलतात. तुम्ही घरच?"

"परत आणून ठेवणार हाय की! एक सांगा... पुढच्या खोलीत एवढं वजनदार काय हाय?"

"आमचे आण्णा."

तो असा खळखळून हसला, की संघप्रिया स्कूटी स्टँडला न लावताच आत गेली. स्कूटी आडवी झाली. मागून पुन्हा हसू आलं.

कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं ते दगडी-सागवानी घर तिच्या आजोबांच्या वेळचं. खेड्यापाड्यांतून शिकायला येणारी पोरं तिथंच राहायची, तिथंच अभ्यास करायची. आता पाया खचला होता, भिंतींना तडे गेले होते. "पाडा आणि अपार्टमेंट उठवा," असं जो तो सांगायचा. तिचे वडील, आण्णा, ऐकतील तर शपथ! "जिथं एवढी पोरं शिकली ते पाडून मी फ्लॅटात झोपू व्हय?"

मग घरं उचलणाऱ्या इंजिनिअरचा, नागसेनचा, पत्ता लागला. जॅक लावून घर उचलायचं, रुळांवरून सरकवत शेजारच्या केरबाच्या मोकळ्या परड्यात न्यायचं, जुन्या जागी खणून नवा पाया आणि तळघर बांधायचं, तळघरात पोरांसाठी अभ्यासिका करायची, आणि घर परत आणून वर बसवायचं. दोन हजार चार साली शाहूपुरीत असलं कुणी ऐकलं नव्हतं. केरबानं म्हशी कडेला बांधल्या आणि बजावलं, "परत न्या बरं का! म्हशींस्नी शेजार आवडला तर पंचाईत."

नागसेनची कामाची एक रीत होती. प्रत्येक खिडकीत काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवायचा. पाणी सांडलं की घर कललं, काम थांबवायचं. पुढच्या खोलीतला ग्लास संघप्रियाकडे आला. कसा आला, ते आण्णांना कळलं नाही. नागसेनला चांगलं ठाऊक होतं.

"पाणी?" तो खालून ओरडायचा.

"शांत हाय."

"आणि मास्तरीणबाई?"

"त्यांना तुमच्या कामात धरलेलं न्हाई."

"धरायचं राहिलंच की..."

बस्स, एवढंच. पुढं काही नाही! आख्खं घर उचलणाऱ्या या गड्याला एक वाक्य उचलेना. संघप्रियाला त्याचा राग यायचा, आणि जॅकचा आवाज थांबला की करमायचंही नाही. ती प्रेमात पडली होती, सरळ सांगायचं तर.

अशात कोडोलीहून आण्णांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, स्थळ आणलं. मुलगा पुण्यात नोकरीला. पाहुणे रविवारी येणार. आणि रविवारीच घर हलणार!

"दुसरा दिवस बघ," आण्णा म्हणाले.

"इंजिनेरच म्हणाला न्हवं, आतल्याला कळतसुदीक न्हाई? मग पावण्यांस्नी सांगायचंच कशाला?" आक्का म्हणाली.

घर हलताना आत बसायचं नाही, असं नागसेननं परोपरीनं विनवलं. पण आण्णांनी ठणकावलं, "घर हलंल तसा मी हलंन." आण्णा आत, म्हणून आक्का आत, आणि आक्का आत म्हणून पाहुणेही आत. दगडी पायरीवर चपला काढून मंडळी आत बसली. पोहे आले. रुळांवर घर मुंगीच्या पावलांनी निघालं.

बराच वेळ कुणाला कळलं नाही. मग मुलाच्या आईचा चमचा हवेतच थांबला.

"अहो... ते शेवग्याचं झाड चाललंय का?"

"वारं हाय जरा," आक्का म्हणाली. "पोहे घ्या की."

पोह्यांत मिरची कोल्हापुरी. मुलाच्या वडिलांना ठसका लागला, त्यांनी खिडकीतला ग्लास उचलला आणि गटागटा रिकामा केला!

नेमकं तेव्हाच खालून आलं, "पाणी?"

संघप्रिया ओरडली, "पावण्यांनी प्यालं!"

"थांबवा!" नागसेन गरजला. घर तिथंच थांबलं. निम्मं आण्णांच्या जागेत, निम्मं केरबाच्या परड्यात.

मुलाची आई दार उघडून किंचाळली. पायरी गायब, उंबऱ्याखाली नुसती हवा, आणि चपला पार तिकडे मागं. आक्कानं डोळे मिटून घेतले.

पण मुलाच्या वडिलांना हसू आवरेना. "आण्णा, घर घेऊन फिरणारी माणसं पहिल्यांदाच बघितली! आम्हाला मुलगी पसंत हाय. तिचं काय, तेवढं सांगा."

सगळे संघप्रियाकडे बघायला लागले. तिनं खिडकीकडे बघितलं. शिडीवरून नागसेनचं डोकं खिडकीत आलेलं, हातात भरलेला ग्लास, आणि तोंडाचा रंग उडालेला.

आज हा बोलला नाही तर पुणं नक्की.

"पाहुणे, तुम्ही फार चांगली माणसं आहात," ती म्हणाली. "पण माझं मन या माणसात गुंतलंय. त्याचं माझ्यात हाय का न्हाई, ते तोच जाणे. बोला की ओ!"

नागसेनच्या हातातलं पाणी त्याच्याच शर्टावर सांडलं.

"हाय," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून... पण घर परत बसवल्यावर बोलणार होतो."

"का?"

"आधी बोललो असतो आणि आण्णांनी हाकललं असतं... तर घर अर्ध्यातच राहिलं असतं की. मग पोरांची अभ्यासिका कुणी बांधायची?"

बाहेर केरबाची म्हैस हंबरली. आण्णांनी नागसेनला वरपासून, म्हणजे खिडकीतून दिसत होता तेवढं, न्याहाळलं.

"अर्ध्यातच हाय की आत्ता बी," ते शेवटी म्हणाले. "म्हंजे तुला हाकलायची सोय न्हाई. आईवडलांस्नी बोलीव. पर माझं घर जाग्यावर बसल्याशिवाय लग्न न्हाई!"

"आण्णा," नागसेन चाचरत म्हणाला, "खणायचं, पाया, तळघर... पाच-सहा महिने तरी लागतील."

"मग माणसं वाढवा की!" संघप्रिया ओरडली.

आणि सगळे हसायला लागल्यावर तिला लाजायचं सुचलं.