सहावा पासपोर्ट

मी भित्रा माणूस नाही, हे आधी सांगून ठेवतो. अंधाराला मी कधी घाबरलो नाही, आणि हे जे सांगतोय ते सगळं भर दिवसा घडलेलं आहे. कदाचित म्हणूनच ते डोक्यातून जात नाही.

ऑगस्टातला मंगळवार होता. कुरियरच्या कचेरीतून पासपोर्ट आणायचे, एवढंच काम. मनिलाच्या एर्मिता भागात खलाशी भरती करणारी एक लहानशी कंपनी होती. तिच्यात मी एकोणीस वर्षं व्हिसाची कागदपत्रं सांभाळली. माझं नाव देमेत्रिओ, पण शिपायापासून खलाशांपर्यंत सगळे मला कुया देमी म्हणत, म्हणजे देमीदादा.

बोट ज्या देशाच्या बंदरात लागणार, त्या देशाचा खलाशी-व्हिसा असल्याशिवाय माणसाला कुणी बोटीवर चढू देत नाही. आणि त्यासाठी वकिलातीत स्वतः उभं राहावं लागतं. दहाही बोटं काचेवर टेकवायची, खिडकीपलीकडचा साहेब विचारेल त्याची उत्तरं द्यायची. तिथे एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आठवड्यापूर्वी मी पाच जणांना दारापर्यंत सोडून आलो होतो. पाच आत गेले, पाच बाहेर आले.

कुरियरच्या मुलीने माझ्यापुढे सहा पासपोर्ट ठेवले.

"एक जास्त आलाय," मी म्हणालो.

"तुमच्याच कंपनीचं नाव आहे, कुया. सही करा, मागे रांग आहे."

मी सहावा उघडला. रेनांते माग्बानुवा, जन्मगाव अंतिके प्रांतात. मी तिथल्याच बाकावर बसलो. अकरा आठवड्यांपूर्वी या माणसाच्या पेटीला मी खांदा दिला होता.

रेनांते आमच्याकडे आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. प्रशिक्षणाचे सगळे दाखले होते, फक्त बोट मिळत नव्हती. आमचे मालक कॅप्टन बुएनाफ्लोर त्याला म्हणाले, "थोडी सेवा कर, मग बघू." त्याचा पासपोर्ट त्यांनी आपल्या खणात टाकला आणि सेवा सुरू झाली. कॅप्टनची गाडी धुवायची, झुंजीच्या कोंबड्यांची खुराडी साफ करायची, त्यांच्या म्हाताऱ्या आईला दवाखान्यात उचलून न्यायचं, दुपारी आम्हा सगळ्यांसाठी भात-मासळी रांधायची. पगार नाही. आमच्याकडे असे खूप असतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

मी चार वेळा त्याचा अर्ज भरला. चारही वेळा कॅप्टननी शेवटच्या दिवशी त्याचं नाव खोडलं. असा फुकटचा गडी परत कुठे मिळणार?

"कुया, या वेळी?" तो विचारायचा.

"या वेळी नक्की," मी म्हणायचो. खोटं आहे हे मला माहीत असायचं. पण मासळी तो फार छान करायचा.

जेवण झालं की करमणूक म्हणून त्याची मुलाखत व्हायची. कॅप्टन दातात काडी घालून साहेब बनायचे, आणि रेनांते खिडकीपुढे उभा राहावा तसा ताठ उभा राहायचा.

"बोटीवरून पळून जाणार नाहीस कशावरून?"

"बायको आहे, सर. दोन मुली आहेत."

"बायको दिसायला कशी आहे? चांगली आहे? मग जा तू खुशाल, आम्ही आहोत ना तिच्याकडे बघायला!"

सगळे हसायचे. मीही हसायचो. रेनांतेसुद्धा हसायचा आणि आमच्या उष्ट्या ताटल्या उचलून धुवायला न्यायचा.

जूनमध्ये वादळाचा इशारा आला. कॅप्टननी त्याला आपल्या बंगल्याच्या छतावर पत्रे बांधायला चढवलं. पाऊस सुरूच होता. तो वरून पडला तो डोक्यावरच. दवाखान्यात कॅप्टन डॉक्टरांना म्हणाले, "आमचा नोकर नाही हो हा. हौसेने येत होता." पेटीबरोबर त्यांनी मला गावी पाठवलं. दुःखापोटी नाही, इथे दवाखान्यात कुणी कसल्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही घेऊ नये म्हणून. तीन वर्षांपूर्वी बोटीने उतारू म्हणून आलेला माणूस बोटीनेच माल म्हणून परत गेला. गावच्या दफनभूमीत सिमेंटचे कोनाडे एकावर एक रचलेले आहेत. त्यातल्या खालच्या एका कोनाड्यात पेटी सरकवली, गवंड्याने तोंड लिंपलं. हे सगळं मी उभं राहून बघितलं होतं.

आणि आता त्याचाच पासपोर्ट माझ्या मांडीवर होता. आत कोरा करकरीत व्हिसा. तारीख मागच्या बुधवारची. मी फोटो उजेडाकडे धरला... अंगात तो पांढरा, भरतकाम केलेला सदरा होता जो त्याला पेटीत घातला होता. चेहऱ्यावर जाड पावडर होती. कपाळावर केसांखाली टाक्यांची रांग दिसत होती. डोळे मात्र उघडे होते.

ऑफिसात जाऊन मी आधी कॅप्टनचा खण उघडला. रेनांतेचा पासपोर्ट तिथे नव्हता. तेवढ्यात कॅप्टन आले. मी हातातला पासपोर्ट पुढे केला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता हा माणूस देवाचं नाव घेईल.

"बघ," ते हसले. "जिवंतपणी नाही, पण मेल्यावर कामाला आला."

गुरुवारी निघणाऱ्या एका मालवाहू बोटीला एक माणूस कमी पडत होता. ऐन वेळी एक जण वैद्यकीय तपासणीत नापास झाला होता.

"यादीत माग्बानुवाचं नाव घाल," ते म्हणाले. "यादी पूर्ण दिसू दे. बोट सिंगापूरला लागेपर्यंत दुसरा कुणीतरी देऊ."

"पण कॅप्टन... हा व्हिसा आला कुठून?"

"तुला प्रश्न विचारायचा पगार मिळतो का रे?"

मी नाव घातलं. दुसरा माणूस द्यायची वेळच आली नाही. नवव्या दिवशी बोटीवरून संदेश आला: 'एकवीस जण हजर. माग्बानुवा सिंगापूरला चढला. कामाला वाघ आहे. बोलत नाही.'

कॅप्टन आंबा खात होते. क्षणभर त्यांचा चमचा हवेत थांबला. मग त्यांनी कोय चोखून बशीत टाकली आणि म्हणाले, "उत्तर दे. मिळालं, आभारी."

सप्टेंबरात रेनांतेची बायको डेलिया आली. दोन दिवसांचा प्रवास करून आली होती. तिला फक्त एक पत्र हवं होतं: नवरा कॅप्टनच्या घरी, कॅप्टनचं काम करताना गेला, एवढंच. त्या पत्रावर तिला सरकारी मदत मिळणार होती.

कॅप्टननी तिला खुर्ची दिली, थंड पेय मागवलं आणि खलाशांची यादी तिच्यापुढे ठेवली.

"वाचता येतं ना? हे बघ, सतरावं नाव. तुझा नवरा बोटीवर आहे, बाई. कामावर असलेल्या माणसाच्या मरणाचं पत्र मी कसं देऊ?"

तिने ते नाव दोनदा वाचलं. बोटाने चाचपलं.

"मी त्याला पुरलंय, साहेब."

"कुणाला पुरलंस ते तू बघ."

ती माझ्याकडे वळली. "कुया, तुम्ही खांदा दिलात ना? तुम्ही सांगा यांना."

कॅप्टन माझ्याकडे बघून मान हलवत होते, अगदी हळू. माझी दोन वर्षांची नोकरी राहिली होती. मी म्हणालो, "चेहऱ्यावर पावडर फार होती... नक्की सांगता येत नाही."

ती रडली नाही. पिशवी उचलली. दारात थांबून एवढंच म्हणाली, "त्याच्या हातचं तीन वर्षं जेवलात, कुया."

त्यानंतर माझं जेवण कमी झालं. झोपही गेली. दर महिन्याला बोटीवरून खलाशांचा अहवाल यायचा आणि सतराव्या नावापुढे तेच असायचं: हजर, तब्येत उत्तम, तक्रार नाही. शेवटी मार्चमध्ये मी वकिलाकडे गेलो आणि एक कागद करून घेतला. प्रेत मी पाहिलं, ते रेनांतेचंच होतं, तो कॅप्टनच्या छतावरून पडून मेला. खाली माझी सही. तो कागद घेऊन मी अंतिकेला गेलो.

डेलियाच्या घरावर नवे पत्रे होते. मुली शाळेत गेल्या होत्या, पायांत बूट घालून, असं तिने सांगितलं. खलाशाच्या पगाराचा हिस्सा थेट घरी जातो, आणि तो जात होता. तिने माझा कागद उभ्यानेच वाचला, घडी केली आणि चुलीत सरकवला.

"उशीर केलात, कुया."

"पण डेलिया, तो मेलाय. तुलाही माहीत आहे."

"मला माहीत होतं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. आता तुम्हाला माहीत झालंय, तर मी नाही म्हणते." ती तांदूळ धुवायला बसली. "दर रविवारी फोन येतो त्याचा. मुलींशी बोलतो. मे अखेरीस करार संपतोय. घरी येणार आहे."

"आवाज... त्याचाच आहे?"

तिचा हात पाण्यात थांबला. पाणी पांढरं झालं होतं.

"बोटीवर वारा असतो," ती म्हणाली. "आवाज बदलतोच माणसाचा."

मी फार थांबलो नाही. बसला तासभर अवकाश होता. तिला न सांगता मी दफनभूमीकडे वळलो. वाटलं, निदान एक मेणबत्ती लावावी.

दुपारचे दोन वाजले असतील. ऊन नुसतं ओतत होतं. आसपास कुणी नव्हतं, पानही हलत नव्हतं. खालच्या रांगेतला तो कोनाडा सापडला. सिमेंट जसंच्या तसं होतं, कुठे चीर नाही, गवंड्याने खिळ्याने कोरलेलं नावही तसंच. मी गुडघे टेकले, मेणबत्ती पेटवली. हळूच म्हणालो, "माफ कर, बाबा. सुखाने बोटीवर राहा."

मेणबत्तीची ज्योत माझ्याकडे झुकली. जणू आतून कुणी श्वास सोडला...

"कुया..."

आवाज सिमेंटच्या मागून आला. कोरडा, माती बसलेल्या घशातून यावा तसा. पण तो रेनांतेचाच होता. ओळखायला मला क्षणसुद्धा लागला नाही.

"कुया... मी तर इथेच आहे..."

माझे हात जमिनीला चिकटले होते.

"मग बोटीवर... कोण आहे?"

मी कसाबसा उठून निघालो. डेलियाच्या घरावरूनच रस्ता जात होता. दोन्ही मुली शाळेतून आल्या होत्या, अंगणात खेळत होत्या. थांबून सांगायला हवं होतं. मी मान खाली घालून पुढे गेलो आणि बस पकडली.

जूनमध्ये डेलियाचं पत्र आलं. ते अजून माझ्यापाशी आहे. तिने लिहिलं होतं: 'ते आले. तब्येत चांगली आहे. मुली आधी जवळ जात नव्हत्या, आता जातात. आल्या दिवशीच त्यांनी सिमेंट आणलं आणि त्या कोनाड्यावर स्वतःच्या हाताने जाड थर चढवला. पाणी शिरू नये म्हणून, असं म्हणाले. तुमची फार आठवण काढतात. विचारत होते, कुया त्या दुपारी तिथे मेणबत्ती लावून किती वेळ बसले होते, आणि त्यांना काय ऐकू आलं.'

मी तिथे गेलो होतो, हे मी डेलियाला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.