पथ्याबाहेरची मासवडी

राकेश मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी उकडलेल्या दुधीवर चिडलेले होते. दुधी बिचारा गप्प होता, पण डब्यात तो, समोर मी, आणि बेल्ह्याच्या बाजारात ऊन नुसतं मी म्हणत होतं.

सोमवार होता. मी जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे. बाजाराच्या दिवशी ताडपत्रीखाली टेबल टाकून बसायचं आणि विकायला आलेल्या बैलांच्या कानांतल्या बिल्ल्यांचे नंबर टॅबमध्ये भरायचे. बसून करायचं काम, म्हणून झेपतं. त्या दिवशी डबा उघडला तोच एक खोंड बिथरला, मी डब्यासकट उठून बाजूला व्हायला गेले आणि डावा पाय ऐनवेळी फितूर झाला. दोन झोकांड्या खाल्ल्या आणि जे पहिलं स्टूल दिसलं त्यावर बसले.

"मॅडम, ते गिऱ्हाइकाचं स्टूल हाय," मागून आवाज आला. "बसायचं तर खायला लागंल."

मान वर केली. टेम्पोचं मागचं फळकं पाडून त्यावर हॉटेल मांडलेलं. कोपरापर्यंत बेसनानं माखलेला, तिशीच्या आतला एक जण हसत उभा.

"माझा डबा आहे," मी म्हटलं.

त्यानं डब्यात डोकावून पाहिलं. "आजारी कोण हाय… तुमी का दुधी?"

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. कारण आजारी मीच होते.

मला एमएस आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस. नसांवरचं आवरण माझंच शरीर कुरतडतं. कधी पाय जड होतो, कधी डावा हात बधिर, कधी सकाळी उठतानाच दिवस संपल्यासारखी थकते. चार वर्षं झाली. औषध चालू आहे, नोकरी चालू आहे. पण माझ्या घरात ह्या आजाराचं एकच कारण आहे – मी काहीतरी खाल्लं.

आईनं गहू बंद केला. मामीनं फोनवरून दूध बंद केलं. शेजारच्या उज्ज्वलाकाकींनी वांगं, टोमॅटो, चिंच आणि "रातचं काय पण" बंद केलं. पुण्याच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की कुठल्याही खाण्यानं हा आजार होत नाही आणि बराही होत नाही. डाळी, भाज्या, मासे, फळं, सगळं नीट खा, पाणी भरपूर पी, वजन सांभाळ. पण काही बंद न करणारा डॉक्टर आमच्याकडे कोणी डॉक्टर मानत नाही.

राकेशनं ताट पुढं सरकवलं. बाजरीची भाकरी, रस्सा, कांदा, आणि तीळ-खोबऱ्याचं सारण पोटात घेऊन बसलेल्या बेसनाच्या चार मासवड्या.

"तिखट चालतं का?"

"मला सगळं चालतं," मी म्हटलं. "फक्त मीच चालत नाही."

तो हसला नाही. माझ्या पायाकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. कळशीतल्या पाण्यात पंचा पिळला आणि माझ्या हातात दिला. "मानंवर ठेवा. ऊन बाधतंय तुमाला." कोणी न सांगता त्याला हे दिसलं होतं. मी पंचा मानेवर ठेवला आणि चारही वड्या संपवल्या.

मग सोमवार यायची वाट बघायला लागले. माझं टेबल दर आठवड्याला थोडं थोडं त्याच्या टेम्पोकडे सरकू लागलं, आणि ताडपत्रीची सावली तिकडे चांगली पडते हे मी ऑफिसात सगळ्यांना उगाचच सांगितलं. तो डिंगोऱ्याचा. घरी आई बायडाबाई, वडील भागुजी. "डिप्लोमा केला, कंपनीत लागलो, पण हिथंच बरं वाटतं," तो म्हणाला. हे म्हणताना रश्शाच्या वाफेतून माझ्याकडे बघत होता… मी टॅबमध्ये एकाच बैलाचा नंबर दोनदा भरला.

चौथ्या सोमवारी मी त्याला आजाराचं सगळं सांगून टाकलं. पळायचं तर आत्ताच पळ, असं मनात ठेवून. तो पळाला नाही. त्यानं त्याहून वाईट केलं.

पुढच्या सोमवारी माझं ताट वेगळं झाकून ठेवलेलं. झाकण काढलं. पांढरट, ओलसर, वाफवलेली कसलीतरी लादी. तेल नाही, तीळ नाही, खोबरं नाही, मिरची नाही. शेजारी दुधीचा रस.

"पेशल तुमच्यासाठी," त्याचे डोळे चमकत होते. "तीन रात्री फोनवर व्हिडिओ बघितले. तेलानं नसा सुजत्यात म्हणं."

"ही मासवडी आहे?"

"पथ्याची हाय."

"राकेश, माझ्या घरात आधीच तीन डॉक्टर आहेत. चौथा नको होता मला!" आवाज इतका चढला की शेजारचा म्हैसवाला सौदा सोडून बघायला लागला. "अख्ख्या जगात एक माणूस मला जेवायला वाढत होता. बाकी सगळे औषध पाजतात. आता तुम्हीपण?"

मी टेबल उचलायला लावलं आणि बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला, शेळ्यांच्या बाजूला जाऊन बसले. दोन सोमवार तिथंच. शेळ्यांचा वास सहन केला, त्याचा चेहरा आठवणं मात्र सहन होईना. स्वतःचाच इतका वैताग आला होता की काय सांगू.

तिसऱ्या सोमवारी तो आला. रिकाम्या हातानं. टेबलासमोर उकिडवा बसला.

"काय आणलं न्हाई," तो म्हणाला. "फकस्त इचारायला आलो. तुमाला जेवणाचा तरास नेमका कशाचा व्हतो?"

चार वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी टॅब बाजूला ठेवला.

"काय खायचं ते मला माहितीय," मी म्हटलं. "करायचं कोणी, हा त्रास आहे. घरी पोचते तेव्हा अंगात जीव नसतो. आई शेतावरून यायची असते. चुलीजवळ उभी राहिले की उष्म्यानं पाय जातात, डाव्या हाताला चटका बसलेला कळत नाही. मग चहा आणि बिस्किटाचा पुडा. लोक मला गहू सोडायला सांगतात… अहो, चपाती लाटायला उभं राहवत असतं तर सोडली असती ना!"

टेबलाशी आलेली एक शेळी त्यानं हळूच मागं सारली. मग म्हणाला, "मला सैपाक येतो."

"माहितीय."

"म्हंजी… रोजचा येतो. सोमवारचाच न्हाई." आणि कानापर्यंत लाल झाला.

मी शेळीकडे बघत राहिले. कुठंतरी बघायला हवंच होतं. "घरी सांगितलं का माझं?"

"तुमचं सांगितलंय. आजाराचं… तेवढं न्हाई. पण मी सांगतो, लगीच सांगतो."

"नको. ते माझं मी सांगेन."

पुढच्या रविवारी मी आणि आई सोयरिकीचं बोलायला डिंगोऱ्याला गेलो. जय भीम झालं, पाणी झालं, चहा झाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात बायडाबाई उठल्या. "चल पोरी. आमच्या घराण्यात सून आदी मासवडी थापती, मंग बाकीची बोलणी. तुझ्या हातची बघायलाच ह्या समद्या आल्यात." भिंतीकडेनं पाच बायका बसल्या होत्या, लग्नाला आल्यासारख्या.

राकेश दारात उभा होता. त्याचा चेहरा पडला. त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

चुलीवर बेसन रटरटत होतं. धूर, एप्रिल, पाच बायकांचे दहा डोळे. मासवडीचं पीठ चटके बसतील इतकं गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापावं लागतं. गार झालं की त्याला भेगा पडतात आणि वळकटी फुटते. बायडाबाईंनी सगळा गोळा फडक्यावर उलटला. "थाप."

आईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं – एवढी एक कर, बाई, सांगायचं ते मागाहून सांगू. एक वडी थापली असती तर सोयरीक ठरली असती. राकेश माझा झाला असता. डावा हात भाजला असता, पण मला कुठं कळणार होतं!

मी हात पाण्यात बुडवला. मग बाहेर काढून पदराला पुसला.

"मी थापणार नाही," मी म्हटलं. आवाज कापत होता, कापू दिला. "मला नसांचा आजार आहे. तो बरा होत नाही, सांभाळावा लागतो. डाव्या हाताला गरम कळत नाही, चुलीपुढे पाय टिकत नाहीत. आज लपवून थापलं तर जन्मभर लपवून थापावं लागेल. मला राकेश आवडतो. खूप आवडतो. पण खोटं बोलून नको."

एक बाई डोक्यावरचा पदर सावरत राहिली. बायडाबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढत चढत गेल्या.

"आगं मंग पीठ उलटायच्या आदी सांगायचं न्हाई का!" त्या कडाडल्या. "गार व्हऊन पाक निबार व्हाया लागलं! राक्या! उभा काय ऱ्हायलास, हात धू! आवो, तुमीबी या, फडकं धरा!"

राकेश धावला. भागुजीबाबा टोपी काढून धावले. बापलेकांनी ते पीठ थापलं, सारण पसरलं, वळकटी केली. ती मधोमध फुटली, तरी दाबून बसवली. बायडाबाई वरून ओरडत होत्या. पाच बायकांतल्या एकीला कंठ फुटला, "तिला गव्हांकुर द्या की…" मी डोळे मिटले. आता इथंही!

ताटं वाढली. बायडाबाई माझ्यासमोर बसल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"खरं बोललीस, ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पण पोरी, एकुलता एक हाय माझा. मला इचार करू दे."

आईचा हात भाकरीवर थांबला. माझाही.

"तू कर की इचार," राकेश चुलीपासून म्हणाला. केसांत बेसन, मनगटावर लाल चट्टा. "दोन दिस कर, महिनाभर कर. माझा झालाय. मला हिच्याशीच लगीन करायचंय, आन् मासवडी मी थापीन."

बायडाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. भागुजीबाबा गालातल्या गालात हसत रस्सा वाढत होते. आणि मला, खरं सांगते, इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं.

"आणि माझा विचार?" मी म्हटलं. "सगळे आपापला सांगताय. मला विचारलंय का कोणी?"

राकेशनं हातातला झारा खाली ठेवला. सगळ्यांसमोर माझ्या ताटापुढे येऊन बसला. "करशील माझ्याशी लगीन?" त्यानं मला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं होतं.

"हो," मी म्हटलं. "हो, राव, हो! किती वेळ लावलास!"