क्लिक म्हणजे जुळणं

घाटकोपरच्या खाऊगल्लीत मी डोशाची वाट बघत उभी होते. शेजारचा मुलगा कपाळाला आठ्या घालून मोबाइलकडे बघत होता... एकदम माझ्याकडे वळला.

"सॉरी हं, 'वी क्लिक्ड' म्हणजे काय? फोटो काढला?"

मी शाळेत इंग्रजी शिकवते. गप्प कशी बसणार?

"नाही ओ. क्लिक म्हणजे मुळात आवाज. कडी लागली, बटण दाबलं की येतो ना, तो. मग कॅमेऱ्याचा क्लिक, माऊसचा क्लिक... आणि दोघांचं पटकन जुळलं तरी क्लिकच."

"म्हणजे खट्ट झालं की जुळलं?" तो हसला. "मराठीत तर माणूस खट्टू होतो!"

मलाही हसू आलं. सुबोध त्याचं नाव. अंधेरीला कार्गोच्या ऑफिसात होता.

पुढच्या गुरुवारी तो तिथेच भेटला, नवा शब्द घेऊन — 'बझ'. भुंग्याच्या गुणगुणीवरून आलाय, मी सांगितलं. आता फोन थरथरला तरी बझ, गावभर चर्चा झाली तरी बझ. मग 'गिगल', म्हणजे खुदखुदणं.

"करून दाखव ना."

"ते करून दाखवायचं नसतं रे, येतं—"

आणि आलंच.

गुरुवार आमचा झाला. रस्ता ओलांडताना तो हात धरायचा, पलीकडे पोचल्यावरही सोडायचा नाही. घरी कणकवलीचं चांगलं स्थळ आलं होतं. मी आईला सरळ नाही म्हणून सांगितलं.

दसऱ्यानंतर एकदा तो म्हणाला, "रुचिरा, एक सांगू? रागावू नकोस..."

मी प्लेट खाली ठेवली. कान गरम झाले होते.

"माझं लग्न ठरलंय. ऋतिका... लंडनला वाढलीये, तिला मराठी येत नाही. ते शब्द तिच्या मेसेजमधले."

तव्यावर लोणी चरचरलं.

"सगळे?"

"सगळे."

"आधी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू आली असतीस?" त्याने मान खाली घातली. "मला आवडायचं गं, तू येणं."

"आणि तरी?"

त्याने फोन पुढे केला. "तिने विचारलंय, मला तिच्याबद्दल नक्की काय वाटतं. इंग्रजीत नाही जमत यार... एवढं शेवटचं लिहून देशील?"

मी फोन घेतला. इंग्रजीत लिहिलं — आठवडाभर जे घडतं ते तुला सांगायचं म्हणून जपून ठेवतो. तू दिसलीस की निम्मं विसरतो. आणि निघताना वाटतं, मुख्य गोष्ट आजही राहूनच गेली.

पाठवलं, आणि फोन त्याच्या हातात दिला.

तो ओठ हलवत सावकाश वाचत गेला. वर बघितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला होता.

"रुचिरा... हे तर तू मला—"

"गेलंय ते," मी पर्स उचलली. "वाचतही असेल ती आता."