‘पोहोचलो’चं बटण

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे, लख्ख उन्हातली... म्हणूनच ती जास्त नकोशी वाटते.

ज्याला खोटी वाटेल त्याला वाटो. ज्याच्यावर ती गुदरली तो माणूस आजही त्याच रुग्णवाहिकेवर ड्यूटी करतो. त्याला जेवायला धड वेळ मिळत नाही, गोष्टी रचायला कुठून मिळणार?

त्याला सगळे ‘साबण्या’ म्हणतात. पॅरामेडिक आहे. प्रत्येक पेशंटनंतर कोपरापर्यंत हात धुतो, म्हणून हे नाव पडलं. दोष त्याचा नाही. त्या गाडीत बसून बघा एकदा. स्ट्रेचरच्या गादीला चीर पडलेली, आत काय काय मुरलेलं. चादरी धुवायला जातात आणि तशाच डागांसकट परत येतात. उन्हाळ्यात मागचं दार उघडलं की जो वास अंगावर येतो, तो घरी जाऊन आंघोळ केली तरी नाकातून जात नाही.

बरं, गाड्या तरी किती? अख्ख्या जिल्ह्याला पुरणार नाहीत इतक्याच. त्यातल्या निम्म्या गॅरेजात. उरलेल्या हॉस्पिटलच्या आवारात उभ्या, कारण आत खाटा नाहीत. खाट मिळेपर्यंत पेशंट गाडीच्याच स्ट्रेचरवर, कॉरिडॉरमध्ये, भिंतीला लावून ठेवायचा. स्ट्रेचर अडकलं की गाडी अडकली. तिकडे फोनवर लोक टाहो फोडताहेत, इकडे साबण्या आणि त्याचे ड्रायव्हरकाका टायरला टेकून उभे.

आणि वरून साहेब म्हणणार, “ठरलेल्या वेळेत पोहोचलंच पाहिजे.”

आता यातून वाट कशी काढायची? माणसं काढतातच.

गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला एक टॅब लावलेला असतो. त्यावर चार बटणं. निघालो. पोहोचलो. रुग्ण घेतला. मोकळे. ‘पोहोचलो’ दाबलं की घड्याळ थांबतं, आणि ज्यानं फोन केला त्याला मेसेज जातो... आपली रुग्णवाहिका दारात पोहोचली आहे.

सगळे ते बटण आधीच दाबायचे. कोणी चौकात, कोणी पुलावर. साबण्याच्या गाडीचं ठिकाण ठरलेलं होतं, हायवेवरचा पेट्रोल पंप. पंप आला की ड्रायव्हरकाका समोरचा रस्ता न सोडता डाव्या हाताने बटण दाबायचे. टुण्... असा आवाज यायचा.

“पोहोचलो बाबा एकदाचे,” काका म्हणायचे, आणि दोघं हसायचे. घर अजून कुठल्या कुठे असायचं.

त्या मंगळवारी कॉल आला तो एका म्हाताऱ्या माणसाचा. छातीत कळ, घाम, तिसरा मजला. ऊन मी म्हणत होतं. पंप आला, काकांनी बटण दाबलं. पुढे रस्ता खोदलेला, मग एक ट्रक आडवा. बऱ्याच वेळाने इमारत आली.

फाटकापाशी म्हाताऱ्याची सून उभी होती. साबण्या बॅग घेऊन उतरला तशी ती पुढे आली.

“काय विसरलात?” ती म्हणाली.

साबण्याला कळेना. “अहो ताई, पेशंट कुठाय?”

“म्हणजे? आत्ता नेलंत की तुम्ही!”

“आम्ही?”

“तुम्ही दोघांनीच.” तिने साबण्याकडे नीट पाहिलं. “असं काय करताय? मामंजींची चप्पलसुद्धा तुम्हीच बाजूला केलीत.”

काका हसायला गेले... पण हसू आलंच नाही.

साबण्या धावत वर गेला. दार सताड उघडं. पलंगावरची चादर ओढलेली. घरात कोणी नाही. पण जिन्यात तो वास होता. त्यांच्या गाडीचा वास. तिसऱ्या मजल्यापर्यंत भरून राहिलेला.

खाली येऊन त्याने टॅबवर पाहिलं.

रुग्ण घेतला...

दोघांपैकी कोणीही त्या बटणाला हात लावला नव्हता.

कंट्रोल रूमच्या बाईंना विचारलं तर त्याच करवादल्या. “मला काय विचारता? तुम्हीच घेतलाय पेशंट. इथे स्वच्छ दिसतंय.”

म्हातारा सापडला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. भिंतीला लावलेल्या स्ट्रेचरच्या रांगेत, सगळ्यात शेवटी. नर्स यांच्यावरच तुटून पडली. “असं टाकून जातात का? सही नाही, सांगणं नाही!”

साबण्याने चादर बाजूला केली. ती ओली होती आणि म्हाताऱ्याच्या गालाला चिकटली होती, सोलून काढावी लागली. म्हातारा गेलेला होता. अंग थंडगार पडलेलं आणि लाकडासारखं कडक. तासाभरापूर्वी हा माणूस फोनवर स्वतःचा पत्ता सांगत होता.

साबण्या बेसिनकडे गेला आणि कोपरापर्यंत हात धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी दोघं साहेबांपुढे उभे राहिले. सगळं सांगितलं, बटणाचंसुद्धा. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पेशंट हॉस्पिटलला पोहोचला ना?”

“हो साहेब, पण...”

“वेळेत पोहोचला ना?”

“साहेब, तो मेला होता. आणि आम्ही नेलाच नव्हता!”

“मरण काय आपल्या हातात आहे?” साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “हा बघा आलेख. या महिन्यात तुमची गाडी पहिली आहे. उगाच घाण उकरू नका.”

साबण्याला त्या क्षणी साहेबांच्या स्वच्छ टेबलाची शिसारी आली. गाडीतल्या गादीची कधी आली नव्हती इतकी.

बाहेर नळावर दुसऱ्या गाडीचा पोरगा हात धूत होता. अंगाने आडवा, म्हणून ‘जाड्या’. साबण्याने त्याला गाठून सगळं सांगितलं. जाड्याने नळ बंद केला.

“आमच्याकडे पण होतं तसं,” तो हळूच म्हणाला. “दोन-तीनदा झालंय.”

“मग? कोणाला बोलला नाहीस?”

“बोलून काय? पेशंट आपोआप पोहोचतो. आपली जिन्यातली ओढाताण वाचते.”

“जिवंत असतात का रे ते?”

जाड्या पँटला हात पुसत राहिला. मग निघून गेला.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं... आणि सगळे बटण दाबतच होते.

त्या दिवसापासून साबण्याने ठरवलं, दारात पाय ठेवल्याशिवाय बटण दाबायचं नाही. काकांनाही बजावलं. गाडीचा आकडा घसरला. नोटिसा यायला लागल्या. काका कुरकुरायचे, “तुझ्या सोवळेपणापायी माझी रजा अडकली रे बाबा.” पण ऐकायचे.

साबण्याला भीती वेगळीच होती. घरी त्याची आई होती. फुप्फुसं निकामी होत आलेली, उशाशी ऑक्सिजनचं सिलिंडर. आज ना उद्या तिच्यासाठी गाडी बोलवावी लागणार, हे त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं. कोणाची गाडी येईल? आणि ती येण्याआधी... काय येईल?

धाकट्या बहिणीला त्याने सांगून ठेवलं होतं, “काही झालं तर आधी मला फोन कर. मी आल्याशिवाय आईला कोणाच्या हातात द्यायचं नाही.”

“तू आल्याशिवाय नाही देणार,” ती म्हणाली होती. “शपथ हवी का?”

पावसाळा सरत आला होता. साबण्या आणि काका दुपारभर हॉस्पिटलच्या आवारात अडकून पडले होते. कॉरिडॉरमधून स्ट्रेचर मोकळं झालं, आणि तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

“दादा, आईला श्वास घेता येत नाहीये. ओठ निळे पडलेत.”

साबण्याने कंट्रोलला बहिणीचा नंबर देऊन सांगितलं, हा कॉल आम्हाला द्या. बाईंनी लगेच दिला. काकांनी गाडी काढली ती सायरन लावूनच. साबण्या पुढच्या सीटवर, फोन कानाला.

“तिला बसतं कर. पाठीला उशी दे. ऑक्सिजन वाढव.”

“वाढवलाय.”

“मी निघालोय. फोन ठेवू नको.”

“लवकर ये रे, ती तुझंच नाव घेतेय.”

पलीकडून आईचा श्वास ऐकू येत होता. फाटक्या भात्यासारखा. साबण्या त्याच आवाजाला धरून बसला होता. काका जीव खाऊन गाडी पळवत होते. इतक्या वर्षांचे जोडीदार, साबण्याच्या आईच्या हातचं कितीदा जेवलेले. त्यांचेही डोळे भरले होते. गाडी हायवेला लागली.

पेट्रोल पंप आला...

टुण्.

साबण्याने मान वळवली. काकांचा डावा हात अजून टॅबवरच होता. ते स्वतःच त्या हाताकडे बघत होते.

“काका!”

“मी नाही रे... बोटाला सवय... अरे देवा!”

“मागे घ्या ते! मागे घ्या!”

“मागे जात नाही रे ते...”

फोनमध्ये बहिणीच्या मोबाइलवर मेसेज वाजला.

मग दाराची कडी वाजली.

“थांब!” साबण्या ओरडला. “दार उघडू नको! ऐकतेस का? मी अजून रस्त्यात आहे!”

दार उघडल्याचा आवाज आला. मग चाकांचा. स्ट्रेचरच्या गंजक्या चाकांचा आवाज साबण्या झोपेतही ओळखला असता.

“आलास!” बहीण रडतच म्हणाली. “किती पटकन आलास रे दादा...”

“तो मी नाही! अगं, तो मी नाही!”

बहीण थबकली. एक क्षण काहीच ऐकू आलं नाही. आईचा श्वाससुद्धा नाही.

मग तिचा आवाज आला, अगदी बारीक. साबण्याशी नाही, खोलीतल्या कोणाशी तरी बोलत असल्यासारखा.

“दादा, तू तर इथे आहेस... मग फोनवर कोण बोलतंय?”

आणि तिने फोन कापला.

साबण्याने पुन्हा लावला. पुन्हा लावला. ती घेत नव्हती. टॅबवर अक्षरं बदलली.

रुग्ण घेतला...

ते घरी पोहोचले तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारीण गॅलरीतून म्हणाली, “अरे, तूच तर घेऊन गेलास. तुझी बहीण आमच्या ह्यांच्या स्कूटरवरून मागोमाग गेली.” खिडकी उघडी होती. आतून ऑक्सिजनचा सूऽऽ असा आवाज येत होता. मास्क उशीवर पडलेला.

काकांनी गाडी तशीच वळवली.

कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरची रांग होती. आई सगळ्यात शेवटी होती. गळ्यापर्यंत तीच घाण, ओली चादर ओढलेली. बहीण तिचा हात चोळत होती, ऊब यावी म्हणून.

साबण्याला बघताच ती म्हणाली, “गाडी लावायला इतका वेळ? बघ ना, हिचे हात किती गार पडलेत.”

साबण्याने नाडी पाहिली नाही. पाहायची गरज नव्हती. त्याने फक्त ती चादर काढून फेकली आणि आपला शर्ट आईच्या अंगावर घातला.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले.

काकांनी नोकरी सोडली. नवा ड्रायव्हर आला. साहेबांचा आलेख छान चाललाय, त्यांना बढती मिळाली म्हणतात. साबण्या हात धुतो, धुतच राहतो, पार कातडी सोलेपर्यंत. तरी त्याला स्वतःचीच किळस येते.

बहिणीला त्याने खरं सांगितलेलं नाही. कसं सांगणार? तू आईला कोणाच्या हातात दिलंस, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? ती येईल-जाईल त्याला अभिमानाने सांगते, माझा दादा काही मिनिटांत आला, पोटचा मुलगा असावा तर असा. फोनवर तुझा आवाज काढणारा तो हलकट कोण होता, त्याचा छडा लाव, असंही म्हणते. साबण्या मान डोलावतो.

पण परवा जेवताना ती मध्येच थांबली. ताटाकडे बघत बसली.

“एक विचारू, दादा? रागावणार नाहीस ना?”

“विचार.”

“त्या दिवशी तू आईला उचललंस ना, तेव्हा तिने तुझा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. सारखी विचारत होती, ‘बाळा, तू असा का बघतोयस माझ्याकडे?’ जिना उतरेपर्यंत विचारत होती.”

तिचे डोळे भरून आले.

“तू तिच्याशी एक शब्दसुद्धा बोलला नाहीस. का रे?”