बिनखिडकीची कोठी

उत्तमराव, तू उद्या नव्या घराचा पाया आखून राहिला ना? मंग बस जरा. तुमी पन बसा, पोट्टेहो. चिलीम भरू द्या. ही गोष्ट ऐकल्याबिगर कोठीची जागा ठरवू नका.

सहदेव गवंडी माहा मावसभाऊ. त्याच्या तोंडून ऐकली तशीच सांगतो. साता समुद्रापलीकडे गोऱ्यायची लढाई जुंपली होती, तवाची गोष्ट हाये. तिकडला कापूस बंद पडला, अन् आपल्या वऱ्हाडातल्या कापसाले असा भाव आलता का लोकायनं ज्वारीचे वावरं मोडून कपाशी पेरली. बार्शीटाकळीच्या अलीकडल्या एका गावात महादेवराव पाटलानं त्याच साली नवं घर बांधाले घेतलं. काम सहदेवले देल्लं.

चुन्याची फक्की टाकून दोघं जागा आखत होते. इकडे चूल, तिकडे न्हानी, तिच्या मांगं जळनाची खोली, औतफाट्याले पडवी. अन् मधात कापसाची कोठी. टोपले रिचवाले धाब्याले, मंजे वरच्या मातीच्या सपाट छपराले, भोक. खाली एकच दार, आत उघडनारं.

महादेवरावाची बायको वच्छला म्हणे, "कोठीले खिडकी ठेवा जी. कापूस तुडवाले आत मानूस उभं राह्यते."

"खिडकी म्हणजे चोराले वाट," महादेवराव म्हणे.

"मंग दार तरी बाहेर उघडू द्या, पाटील," सहदेव म्हणे. "कापूस दाटला का आतलं दार हालनार नाई."

"बाहेर माडीचा जिना येते. जागा कुठं हाये? आखलं तसं बांध."

सहदेवनं बांधलं. पुढं बोलला नाई. त्याचा पस्तावा त्याले मरेपर्यंत होता.

मार्गशीर्षात वेचनीचा कापूस आंगनात पडला. अन् आभाळ भरून आलं. भिजला तर सारा काळा पडन, म्हणून घाई. कापूस तुडवाले गावातली मैनाबाई कोठीत उतरली. लहानखुरी बाई, पन पायाले दम मोठा. टोपलं पडलं का थे तुडवे, अन् वर हाक मारे, "टाका!" मंग दुसरं टोपलं पडे. दिवसभर असंच चाललं.

दिवे लागायच्या वक्ताले हाक आली नाई. धाब्यावरचा गडी थांबला.

महादेवराव आंगनातून ओरडला, "थांबला काहून? टाक!"

"मैनाबाईची हाक नाई आली, मालक."

"घसा बसला असन तिचा. पानी येऊन राहिलं. टाक!"

सात-आठ टोपले आनखी गेले. मंग दार लोटलं. हाललं नाई. भिंत फोडून बाईले बाहेर काढलं तवा तिच्या नाकातोंडात कापूस होता... सरलं होतं सारं.

पानी त्या रातीले आलंच नाई.

आठवड्यानं भिंत बुजवली. राह्यलेला कापूस त्याच कोठीत भरला. तुडवाले गावातून कोनी आलं नाई.

पौष वद्य द्वितीयेची रात. वच्छलानं सहदेवले निरोप धाडला होता, मालक काही म्हनो, तू येऊन कोठीच्या भिंतीत खिडकी पाड. उजाडताच काम धराचं म्हणून सहदेव सांजेलेच जाऊन पडवीत झोपला. चांदनं पडलं होतं. दुसरा प्रहर सरता सरता त्याले जाग आली.

धप्. धप्.

कोठीतून.

सहदेव उठून बसला. वच्छला जिन्यापाशी उभी होती. तिलेही ऐकू येत होतं. महादेवराव काठी घेऊन आला.

"चोर हाये."

"चोर कापूस तुडवते काय जी?" वच्छला म्हणे.

धप्... धप्... मंग थांबलं. आतून आवाज आला.

"टाका."

महादेवरावाच्या हातातली काठी पडली. तो दाराकडे चालला. वच्छलानं त्याचा हात धरला. "जाऊ नका. आपल्या डोयासमोर जाळलं तिले."

"हाक मारून राहिली थे," महादेवराव म्हणे. हळूच. "त्या दिवशी मारली नाई. आज मारून राहिली. काढतो तिले."

त्यानं दार लोटलं. मांगं आढ्यापर्यंत कापूस होता. तरी दार उघडलं. मानूस मावन एवढीच फट. तो आडवा होऊन आत शिरला.

दार लागलं.

"मैना?"... असं ऐकू आलं.

मंग काही नाई.

मंग... "सहदेव! दार!"

सहदेवनं खांदा लावला. वच्छलानं लावला. दार भिंतीसारखं. आत धप्. धप्. धप्. महादेवराव ओरडत होता. आवाज खाली खाली जात होता. दबत होता.

मंग तोही नाई.

सहदेवनं लोखंडी सब्बलीनं भिंत फोडली. जिथं बुजवली होती तिथंच. दोघं हातानं कापूस ओढत राहिले. उजाडलं तवा मालक सापडला. उभा. थंडगार. वच्छला रडली नाई. तिनं त्याच्या मिशीतला कापूस वेचला, एक एक.

पुढं लढाई सरली, भाव पडले. वच्छला माहेरी गेली. घर तसंच पडून हाये, कोनी राहाले जात नाई.

पन त्या दिवशी महादेवरावाले आंघोय घालाले सहदेवच होता. अंगरखा काढला, पानी टाकलं. अन् त्याचा हात थांबला.

दोन्ही खांद्यावर काळेनिळे वळ. उजव्यावर एक, डाव्यावर एक. टाच, तळवा, पाची बोटं...

लहानखुरे पाय. बाईचे.