आलं का?

टीव्हीवर मुंग्या येतात म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगून कळायचं नाही. तालुक्याच्या गावाबाहेर सरकारी मनोरा असायचा. त्याच्या लहरी पकडायला घरोघरी छपरावर लोखंडी पाइप आणि पाइपाच्या डोक्यावर काड्याकाड्यांची अँटेना. वारा सुटला की अँटेना फिरायची आणि पडद्यावर मुंग्या धावायच्या. मग घरधनी वर चढायचा, पाइप मिठीत धरून फिरवायचा आणि ओरडायचा, "आलं का?" खालून बायको म्हणायची, "न्हाई, अजून थोडं." "आता?" "आलं, आलं, ऱ्हाऊ द्या." आमच्या भागातले कित्येक नवराबायको दिवसभरात एकमेकांशी एवढंच बोलायचे आणि सुखात होते.

पुढं सरकारनं ते जुनं प्रक्षेपण बंद केलं. मनोरे मुके झाले, छपरांवर डिजिटलच्या छत्र्या उगवल्या. शिवमूर्तीचं पोट या छत्र्यांवर चालायचं. मुरुडच्या बाजारात त्याचं दुकान. आधी वीस वर्षं अँटेना बसवल्या, आता छत्र्या बसवत होता. आता ओरडायची गरज नव्हती. कमरेला मीटर असायचं, ते लहरी सापडल्या की चिमणीसारखं चिवचिवायचं.

त्या दिवशी दुपार कलताना तो खरबवाडीला गेला. काम साधंच होतं. गावाच्या टोकाला कोंडाबाई नावाची एकटी बाई राहायची. तिचा मुलगा आनंदराज पुण्याला नोकरीला. त्यानं फोनवरून आईसाठी छत्री सांगितली होती. शिवमूर्तीनं मोटारसायकलला बांधलेली दुमडती शिडी सोडली आणि हाक मारली, "मावशी, हायसा का घरात?"

आत भांडं वाजत होतं, ते थांबलं. कवाड बोटभर उघडलं. फटीत एक डोळा.

"अजून एकदा बोल," आतून आवाज आला.

"मावशी, छत्री बसवायला आलो. आनंदराजसाहेबांनी पाठवलं."

कवाड हळूहळू पुरतं उघडलं. मग, "ह्याच्या आधी कधी आला व्हतास हितं?"

"न्हाई बा. पहिल्यांदाच."

"खरं सांग. वर चढला व्हतास कधी? सांजच्याला?"

शिवमूर्तीला हसू आलं. म्हातारपणी माणसं संशयी होतात, त्यात नवीन काय. पण बाई म्हातारी दिसत नव्हती. पन्नाशीची, ताठ, डोक्यावर पदर नीट. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. समोर जुना फुगीर टीव्ही सुरूच होता आणि त्यावर मुंग्या सळसळत होत्या.

"नगं मला छत्री," ती म्हणाली. "हे बरं हाय."

"मावशी, मनोरा बंद होऊन किती दिस झाले. ह्याच्यात काय बघायलाव तुम्ही?"

त्यानं आनंदराजला फोन लावला. आनंदराज वैतागलेला होता. "तिचं ऐकू नका, लावून टाका. अप्पा गेल्यापासून ती रोज संध्याकाळी त्या मुंग्यांसमोर बसून बोलते, शेजारीपाजारी हसतात. अप्पांनी जन्मभर अंधश्रद्धेवर भाषणं दिली आणि घरात हे. काम झालं की कळवा."

फोन कोंडाबाईच्या कानाला लावला. तिनं ऐकून घेतलं. "लाव," ती शिवमूर्तीला म्हणाली. "पण दोन गोष्टी. दिवे लागायच्या आत उतर. अन् वरून मला काय विचारू नगंस, मी काय सांगणार न्हाई."

"आता विचारायचं कामच न्हाई, मीटर हाय की. तुमची शिडी कुठाय? माझी जरा तोकडी पडतीय."

"जाळली."

"कामून?"

"थंडी व्हती."

शिवमूर्तीनं आपलीच शिडी दगडावर उभी करून भिंतीला लावली आणि चढला. वर स्लॅब तापलेला, कडेला वाळलेली पानं. मधोमध जुनी अँटेना. तिच्या पाइपाकडं बघून तो थबकला. पाइप गंजानं लाल झालेला होता, पण छातीच्या उंचीवर हातभर भाग लखलखत होता, देवळातल्या घंटेच्या साखळीला तळवे लागून जशी चमक येते तसा. खाली स्लॅबवर पाइपाभोवती गोल वाट पडली होती, पान नाही, धूळ नाही. त्यावर गंजाचा ताजा भुगा.

घरात शिडी नाही. बाई एकटी. आणि वर रोज कुणीतरी पाइप फिरवतं.

त्याच्या मनात जे आलं ते कुठल्याही गड्याच्या मनात आलं असतं. गल्लीतल्या घरांवर त्यानं एक नजर फिरवली. ह्यातला कोण बरं? भिंत चढून येत असेल तर गडी तयारीचा दिसतोय. म्हणून मावशीला संध्याकाळी कुणी वर नको होतं तर. गालातल्या गालात हसत त्यानं छत्री आवळली, मीटर चिवचिवलं, वायर खाली सोडली. ऊन उतरत होतं. पक्कड पिशवीत टाकताना त्याला उगाच वाटलं, पाठीमागं कुणीतरी आपली जागा रिकामी व्हायची वाट बघतंय. वळून बघितलं तर पाइप. एवढंच की मघाशी अँटेनेचं तोंड मुरुडकडं होतं, आता ते थोडं सरकलं होतं. वारा तर बिलकूल नव्हता.

तो भराभर उतरला. शिडी तिथंच राहिली.

दारात कोंडाबाई उभी होती. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तूच उतरलास न्हवं?"

"म्हंजे? दुसरं कोण हाय वर?"

ती बाजूला झाली. त्यानं आत येऊन टीव्हीला छत्रीचा डबा जोडला, वायर खोचली. मुंग्या गेल्या. पडद्यावर निळंशार, धुतल्यासारखं चित्र उभं राहिलं. बातम्या लागल्या होत्या. कोंडाबाईनं घाईनं आवाज बंद केला आणि वर स्लॅबकडं बघितलं. बाहेर दिवेलागण होत आली होती.

"मावशी, तुमच्या वर कोण येतं त्याच्याशी मला काय करायचं न्हाई," शिवमूर्ती म्हणाला. "पण चोरबीर असंल तर..."

"बस," ती म्हणाली. "हळू बोल." मग ती पडद्याकडं बघतच बोलत राहिली. "आनंदचे वडील बातम्याच्या टायमाला वर गेले. पाइप फिरवला. आलं का, म्हणले. तेवढ्यात लाइट गेली. मी शेजारी काडीपेटी आणायला गेले. लाइट आली, वर आवाज न्हाई. पाइपाला टेकून बसले व्हते. गार."

तिनं पदरानं पडद्यावरची धूळ पुसली.

"दुसऱ्या दिवशी दिवे लागले अन् वरून आवाज आला. आलं का... आमच्यात भुताखेताला मानत न्हाईत. मीबी मानत न्हाई. कुणाला सांगू? तोंडातनं न्हाई निघालं. मग रोज न्हाईच म्हणत आले. चित्र चांगलं असलं तरी न्हाई. आलं म्हणलं तर खाली येतील की... अन् इतक्या वर्षानं खाली येईल ते काय असंल? शिडी त्यासाठीच जाळली. मनोरा बंद झाला तवा मला बरं वाटलं बघ. न्हाई म्हणायला खोटं तरी बोलावं लागंना."

शिवमूर्तीनं हसायचा प्रयत्न केला. हसू आलं नाही.

"पण दिवाळीपासनं आवाज बदललाय," ती आणखी हळू म्हणाली. "आता त्यांचा न्हाई. दुसऱ्याच गड्याचा हाय. कुणाचा ते कळत नव्हतं. आज तू दारात हाक मारलीस..."

वर लोखंड कुरकुरलं. लांबलचक, सावकाश. कुणीतरी पाइप छातीशी धरून फिरवत असल्यासारखं. खोलीत गंजाचा वास उतरला, बऱ्याच दिवसांनी नळ सोडल्यावर येतो तसा.

"आलं का?"

मोबाईलमध्ये आपलाच निरोप आपण ऐकावा तसा तो आवाज शिवमूर्तीच्या कानावर पडला. थोडा परका, पण आपलाच. मुरुडच्या बाजारात तो गिऱ्हाइकाशी बोलतो तोच.

आणि आता बघा, माणसाची सवय काय घात करते. वीस वर्षं छपरावरून हा प्रश्न विचारायचा आणि खालून 'आलं' ऐकायचं, हेच त्याचं काम होतं; प्रश्नामागं उत्तर ठरलेलंच. समोर पडदा निळाशार. डोकं भानावर यायच्या आत तोंड उघडलं.

"आलं," तो म्हणाला.

घशातून काहीतरी खरवडत बाहेर गेल्यासारखं झालं.

वरचा पाइप थांबला. पावलं स्लॅबच्या कडेला आली, बिनघाईची, काम संपलेल्या माणसाची. मग बाहेर भिंतीशी त्याच्या शिडीची पहिली पायरी वाजली. अल्युमिनियम कसं वाजतं ते त्याला चांगलं माहीत होतं. दुसरी वाजली. तिसरी.

कोंडाबाई उठली. तिनं डब्याची वायर एका हिसक्यात उपटली. पडदा काळा झाला. ती खिडकीशी तोंड नेऊन, रोज संसारात ओरडावं तसं ओरडली, "गेलं बघा परत! मुंग्याच मुंग्या. जरा मुरुडकडं फिरवा."

बाहेर शांत. शिडीवर कुणाचातरी भार तसाच होता. खालचा दगड कचकन सरकल्याचं ऐकू आलं. मग एक पायरी वाजली. वरची. मग तिच्या वरची. पावलं पुन्हा पाइपाकडं गेली.

"आता?" वरून शिवमूर्तीच्या आवाजात आलं.

"न्हाई, अजून थोडं," कोंडाबाई म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता. मग ती शिवमूर्तीकडं वळली आणि कुजबुजली, "शिडी घे अन् जा. वर बघू नगंस. तोंडातनं एक शब्द काढू नगंस."

त्यानं तेच केलं. मान खाली घालून शिडी ओढली, दुमडली, बांधली. डोक्यावर पाइप कुरकुरत होता. गाडी ढकलत वेशीपर्यंत नेली आणि मगच सुरू केली. मागून "आता?" आणि "न्हाई" चालूच होतं.

मुरुडच्या अलीकडं त्याच्या रोजच्या ओळखीची चहाची टपरी आहे. उजेड, चार माणसं, रेडिओ. तिथं तो थांबला. पाणी प्याला. घशात वाळू भरल्यासारखं वाटत होतं, पण हातपाय थाऱ्यावर आले. चहावाल्याला त्यानं नुसतं बोट दाखवून एक चहा सांगितला.

फोन वाजला. आनंदराज. शिवमूर्तीनं ठरवलं, ह्याला काही सांगायचं नाही, सांगून पटणार नाही. झालं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. चहावालाही कप पुढं करून त्याच्याकडं बघत होता.

"हां," तो फोनवर म्हणाला, "झालं काम. काळजी करू नका."

चहावाल्याचा हात तसाच अधांतरी राहिला. पलीकडं पुण्यातल्या गाड्यांचे आवाज तेवढे येत होते.

मग आनंदराज अगदी हळू, लहान पोरासारखा म्हणाला, "...अप्पा?"

नाही, असं म्हणायला शिवमूर्तीनं तोंड उघडलं. आणि तसंच मिटलं.